दोरीवरची सात पाकिटं

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद स्वयंपाकघर दिसतं. डावीकडे खिडकी आणि खिडकीबाहेर उत्तर इंग्लंडातली मोरकॅमची खाडी. ओहोटी लागलेली, त्यामुळे पाण्यापेक्षा चिखलच जास्त. उजवीकडे किटली. मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. पण तिच्यावर कपडे नाहीत. लाकडी चिमट्यांनी सात तपकिरी पाकिटं टांगली आहेत. दोरीखाली एक बाई उभी आहे. ओठांत पेन्सिल, हातात नोटांची चळत, आणि तोंडाने पुटपुटणं चालू.

ही जॅनीन क्रॉसली. वय चौतीस. मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते असंच, तिच्या दारातून. मी वाटीभर साखर मागायला गेलो होतो.

"थांबा तिथेच," ती म्हणाली. "मी सव्वीसवर आहे. बोललात तर परत पहिल्यापासून."

मी थांबलो. आयुष्यभर विंगेत उभा राहून एंट्रीची वाट पाहिलेला माणूस मी. थांबणं मला येतं. आमच्याकडे नाताळात मुलांसाठी जी धमाल नाटकं होतात, त्यांतली भांडखोर म्हातारी नेहमी पुरुषच करतो. ती म्हातारी मी एक्केचाळीस हिवाळे केली. हे कळल्यापासून जॅनीन मला कधी विल्फ म्हणायची, आणि लाडात किंवा रागात असली की 'बाईसाहेब'. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. तिची मुलगी फर्न तेव्हा सात वर्षांची होती. फर्नचा बाप स्कॉटलंडात अबर्डीनला कामाला गेला होता, तो तिथलाच होऊन राहिला.

सहा वर्षं जॅनीनचं घर सरकारी मदतीवर चाललं. महिन्याला एकदा पैसे यायचे, घरभाडंही त्यातूनच. ते आले की ती सगळे काढून आणायची आणि पाकिटांत वाटायची. भाडं. विजेचा मीटर. किराणा. बूट, कारण पोरीचे पाय थांबत नाहीत. बस. नाताळ आणि वाढदिवस. सातव्या पाकिटावर तिने लिहिलं होतं, 'कोण जाणे'.

"यात काय असतं?" मी विचारलं होतं.

"बहुतेक वेळा हवा," ती म्हणाली. "पण पाकीट हवंच. नाहीतर कोण जाणे आलं तर बसेल कुठे?"

माझ्या खोलीतल्या मीटरचा हिशेबही तिच्याच डोक्यात असे. आमच्या इमारतीत मीटरची विजेची किल्ली दुकानात नेऊन तिच्यात पैसे भरून आणावे लागतात, ते संपले की वीज बंद. मी विसरायचो आणि अंधारात बसायचो. मग खालून हाक यायची, "बाईसाहेब, वीस पौंडांत तुमचे नऊ दिवस होतात, हीटर लावला तर सहा. आज सहावा आहे!"

मग सप्टेंबरात तिला काम मिळालं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात, म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. निळा अंगरखा मिळाला, तो दोन मापं मोठा. मी माझी जुनी शिवणाची पेटी काढली आणि बाह्या आत घेतल्या. आरशासमोर ती फिरून फिरून स्वतःकडे बघत होती. कुठल्याही नटीने पहिला पोशाख याहून जास्त आनंदाने घातलेला मी पाहिलेला नाही.

"कशी दिसते?"

"पहिल्या अंकातच टाळी घेशील."

पहिल्या दिवशी परत आली तीच हसत. "तिथल्या एक मिसेस हारग्रीव्ह्ज तुम्हाला ओळखतात. म्हणाल्या, विल्फ एंटविसल? तो पुरुषापेक्षा बाई म्हणून बरा दिसायचा."

"नव्वदीत डोळे जातात माणसाचे."

"त्यांचे नाही गेले. सगळं दिसतं त्यांना. माझं लग्न का मोडलं तेही दिसलं."

कामाचे दोन भाग होते, सकाळचा आणि दुपारचा. सकाळवाल्यांची रांग लागलेली. दुपारी दोन ते सात करायला कोणी तयार नसे. जॅनीनने दुपार घेतली. शाळा सुटल्यावर फर्न चर्चच्या दालनातल्या मुलांच्या वर्गात बसायची. तिथे मिसेस ब्रॅमवेल टोस्ट देत आणि गृहपाठ करून घेत. त्याचे महिन्याला दोनशे साठ पौंड, आगाऊ. सरकार त्यातले बरेचसे परत द्यायचं, पण नंतर. आधी आपल्या खिशातून भरायचे, पावती पाठवायची आणि वाट बघायची. तेव्हा दोरीवर जुन्या 'बूट' पाकिटावर कागद चिकटवून तिने लिहिलं, 'वर्ग', आणि बूट 'नाताळ'मध्ये ढकलले.

"आठवं पाकीट घे की," मी म्हटलं.

"आठ झाली तर दोरी लोंबते."

नोव्हेंबरात आश्रमाच्या मेट्रनने तिला बोलावून सांगितलं की फेब्रुवारीपासून दुपारच्या पाळीची प्रमुख तू. ताशी दीड पौंड जास्त. ती जिना चढून वर आली, माझ्या दारात उभी राहिली. नुसती बोटं मोजत राहिली. मग म्हणाली, "विल्फ, एप्रिलपर्यंत मला बहुधा कोणाच्याच मदतीची गरज लागणार नाही. बहुधा. मोठ्याने बोलू नये, नाही का?"

"रंगभूमीवर तरी नाही बोलत."

आता येतो डिसेंबर. इथून पुढचं मला सांगायला आवडत नाही, पण सांगितलं पाहिजे.

आश्रमाचा पगार महिन्याला नव्हता, दर चार आठवड्यांनी होता. सरकारचा महिना मात्र अठ्ठावीस तारखेपासून पुढच्या सत्तावीसपर्यंत. त्या हिवाळ्यात असं जुळून आलं की एक पगार एकोणतीस नोव्हेंबरला झाला आणि पुढचा, नाताळ म्हणून लवकर, वीस डिसेंबरला. एका सरकारी महिन्यात दोन पगार.

वीस तारखेच्या संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला होतो. जॅनीनने दुसरा पगार मोजला आणि अख्खा 'कोण जाणे'मध्ये घातला. पाकीट इतकं फुगलं की त्याला दोन चिमटे लावावे लागले.

"हे काय?" मी म्हटलं. "नाताळ पाच दिवसांवर आणि तू पगार दोरीला टांगतेस?"

"मला हे बरोबर वाटत नाही, विल्फ. दोनदा आलेत. दोनदा आलेलं कोणीतरी परत मागतंच."

"तुझ्या घामाचे आहेत. कोण मागणार?"

"माहीत नाही. म्हणून तर त्या पाकिटात."

आमच्या धंद्यात एक रीत होती. नाताळच्या आठवड्यात दिवसाला दोन खेळ, म्हणून दुप्पट पगार. तो हातात पडला की त्याच रात्री सगळ्या कंपनीला जेवण घालायचं, दारवानापासून नायिकेपर्यंत. जो पैसे दाबून ठेवेल त्याचा खेळ जानेवारीत पडतो, असं म्हणत. मी हे एक्केचाळीस वर्षं पाळलं, आणि म्हणूनच आज माझ्याकडे शिवणाच्या पेटीशिवाय काही नाही. पण त्या संध्याकाळी मला हे शहाणपण वाटलं. मी ते पूर्ण रंगात, म्हातारीच्या आवाजात, खुर्चीवर उभा राहून तिला ऐकवलं. फर्न खदाखदा हसत होती.

"आई, विल्फ आजोबा म्हणतात तसं कर ना!"

जॅनीनने पाकिटाकडे पाहिलं, मग पोरीकडे. पोरीच्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर आल्या होत्या.

"तुम्ही ना, बाईसाहेब," ती म्हणाली, "बँक लुटायला गेलात तर बँकेचा मॅनेजर तुम्हाला टाळ्या वाजवून दार उघडून देईल."

आणि तिने एक चिमटा काढला.

लाल कोट आला. नाताळच्या नाटकाची तीन तिकिटं आली, पुढच्या रांगेतली. चोवीस तारखेला इमारतीतल्या आठही भाडेकरूंना तिने जेवायला बोलावलं. मटणाचा मोठा हॉटपॉट, म्हणजे आमच्याकडचा भट्टीत मुरवलेला रस्सा, वर बटाट्याच्या कुरकुरीत चकत्या, लाल कोबीचं लोणचं. तळघरातला मुका वाटणारा पोलिश सुतार त्या दिवशी गायला. जॅनीनने भांड्याच्या तळाला चिकटलेलं खरवडून मला वाढलं. तिचा चेहरा गरम होऊन लाल झाला होता. सहा वर्षं तिने कोणाला चहाशिवाय काही दिलं नव्हतं, द्यायला नव्हतंच. सगळे मिळून चारशे दहा पौंड गेले. हा आकडा मला नंतर कळला. तिला तेव्हाच माहीत होता.

सत्तावीसला मी नेहमीप्रमाणे बहिणीकडे वेल्समध्ये, लँडुडनोला गेलो, महिनाभरासाठी.

तीन जानेवारीला सरकारी मदत जमा झाली. दोन पगार एका महिन्यात दिसले, तेव्हा यंत्राने मानलं की या बाईची कमाई दुप्पट झाली, आणि कमाई वाढली की मदत कापायची हा नियम. मदतीच्या जागी आले एकोणचाळीस पौंड. यात कोणी लबाडी केली नव्हती. बेरीज अगदी बरोबर होती. पुढचा पगार सतरा तारखेला. पाकिटांत उरलं होतं त्यातून तिने आधी भाडं भरलं, कारण छप्पर पहिलं. मग मीटर. मग किराणा. 'वर्ग'पाशी येईपर्यंत हातात एकवीस पौंड होते. शाळा सहा तारखेला उघडणार होती.

चार तारखेला तिने मला फोन केला. हा फोन मला शब्दन् शब्द आठवतो.

"विल्फ, बसला आहात का?"

"बसलोय? अगं, इथे बसायलाच तर आलोय! बहिणीने टर्की संपवायची शपथ घातलीय. आज सूप, काल सँडविच, उद्या मला वाटतं ती मला टर्कीचीच खीर घालणार." आणि मी सुरू झालो. टर्कीवरून मला छप्पन साली बर्नलीत स्टेजवर सुटलेलं बदक आठवलं. मी बदकाचा आवाज काढला. बहीण मागे हसत होती. श्रोते मिळाले की मी थांबत नाही, हा माझा रोग.

ती ऐकत होती. हसलीसुद्धा. शेवटी मी विचारलं, "तू काय म्हणत होतीस?"

एवढासा थांबा आला. रंगमंचावर असा थांबा आला की मी दचकून विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे बघतो. फोनवर मी तो गिळला.

"काही नाही," ती म्हणाली. "मीटर बंद करून गेलात ना, एवढंच."

माझ्या खात्यात तेव्हा सहाशे पौंड होते.

मिसेस ब्रॅमवेल वाईट बाई नव्हती. तिने पैसे न भरताही एक आठवडा फर्नची जागा धरून ठेवली. तेरा तारखेला ती म्हणाली, "जॅनीन, माझ्या यादीत अकरा मुलं थांबलीत गं. मी काय करू?" त्यापुढचा आठवडा जॅनीनने कसा काढला ते मला फेब्रुवारीत तळघरातल्या सुताराने सांगितलं. दोन दिवस पोर त्याच्या कामाच्या जागी लाकडाच्या भुशात बसली. दोन दिवस जॅनीन तिला आश्रमात घेऊन गेली आणि मिसेस हारग्रीव्ह्जच्या खोलीत लपवलं. पाचव्या दिवशी मेट्रनला लाल कोट दिसला. खुंटीवर, म्हातारीच्या शालींमध्ये. इतका लाल कोट लपत नाही.

मेट्रनने तिला काढलं नाही. पाळी बदलून घे म्हणाली. पण सकाळची रांग तशीच होती. शाळा सुटायच्या वेळेला घरी असणाऱ्या बाईला दुपारची प्रमुख करता येत नाही, हे जॅनीनलाही कळत होतं. सतराचा पगार घेतला आणि तिने निळा अंगरखा धुऊन, इस्त्री करून परत दिला. मी आत घेतलेल्या बाह्या उसवून.

मी परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात दोरी होती, पाकिटं नव्हती. दोरीवर फर्नचे मोजे वाळत होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगणार होते."

"मग?"

"बदक सुटलं ना मध्ये."

मी तिथेच खिशातून चेकबुक काढलं. ती कपबशा विसळत राहिली. "आता नको, विल्फ. आता ते पैसे कशाचे? वर्गात जागा नाही, आश्रमात जागा नाही. आता दिलेत तर नुसते पैसे."

"मी तुला ते पाकीट उघडायला लावलं, पोरी."

"तुम्ही खुर्चीवर उभे राहिलात. चिमटा मी काढला." मग नळ बंद करून म्हणाली, "आणि हॉटपॉट चांगला झाला होता. तो मला परत द्यायचा नाहीये."

त्यानंतर मी बरंच काही करून पाहिलं. मी सांभाळतो फर्नला, म्हटलं. ती हो म्हणाली, आणि मी मनापासून सांभाळलं. पण आश्रमात तोवर दुसरी बाई आली होती, प्रमुखही तीच झाली. जॅनीनला एका हॉटेलात खोल्या झाडायचं काम मिळालं, आठवड्याला दहा तास, कधी सहा. कागदावर ती पुन्हा जवळपास जिथे होती तिथेच आली. मी एकदा हळूच म्हटलं, पुन्हा टेकडीवर विचारून बघ. ती म्हणाली, "एकदा उडी मारायला धाव लागते, विल्फ. सहा वर्षं धावले होते."

मे महिन्यात कार्लाइलहून तिच्या बहिणीचा निरोप आला. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. मेव्हण्याने भाड्याची गाडी आणली. सामान इतकं कमी होतं की गाडी अर्धी रिकामीच राहिली. फर्नने उन्हातही लाल कोट घातला होता. बाह्या एव्हाना बरोबर मनगटापर्यंत आलेल्या. सुतार पेट्या उचलत होता. मी जिन्याच्या पायरीवर उभा राहून एखादं भाषण जुळवत होतो. माझ्या डोक्यात ते फार सुंदर होतं, आणि त्याची सुरुवात क्षमेपासून होती.

जॅनीन शेवटचा फेरा मारून बाहेर आली. हात पुसले. माझा हात धरून त्यात काहीतरी ठेवलं. बघतो तर माझी विजेची किल्ली. सकाळी ती माझ्या खोलीतून कधी घेऊन गेली ते मला कळलंही नव्हतं.

मी तोंड उघडलं. तिने मान हलवली, गाडीत बसली आणि काच खाली केली.

"चाळीसची भरलीय, हीटर लावला नाहीत तर अठरा दिवस. त्यानंतरचं तुमचं तुम्ही बघा, बाईसाहेब."