कळशीतलं शिसं

विहिरीचं पाणी तपासायला मी कळशीतून नेलं, तिथंच माझी रसायनशास्त्राची पदवी वाया गेली.

आम्लाने धुतलेली काचेची बाटली पिशवीत होती. पण लोधिवलीला सासूबाईंनी ती पाहिली. "अवो जावईबापू, औषधाच्या बाटलीतनं पानी न्याल? लोक काय म्हनतील!" त्यांनी पितळेची कळशी पुढे केली. लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या भांड्यांना नुकतीच कल्हई करून घेतली होती. नाही कसं म्हणायचं?

कारखान्याचं सांडपाणी विहिरीकडे झिरपतं, असं गावात बोलत होते. पाण्यात शिसं असेल तर बायकोने ते पिणं धोक्याचं. त्या चिंतेने मला झोप नव्हती.

साजगावच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी यंत्र होतं. बारीक नळीतून पाण्यात पाऱ्याचा एकेक थेंब पडायचा, विजेचा दाब हळूहळू वाढायचा. शिसं असलं, तर ठरावीक जागी पेनची रेघ कागदावर लाटेसारखी वर चढायची. मी दारापर्यंत जाई, परत येई, टेबलाला टेकून वाकून बघे.

"अरे, बस ना खाली!" सहकारी ओरडला. "टेबल हलतंय, थेंब वेळेआधीच पडतोय. बाप तू होणारेस, यंत्र नाही."

लाट चढली. चांगली उंच.

मिळेल त्या ट्रकने लोधिवली गाठली आणि विहिरीचं पाणी बंद करायला लावलं. सासूबाई लांबच्या नळावरून हंडे आणू लागल्या आणि मी समोर असलो की जरा जोरात आपटू लागल्या.

मला मात्र चैन पडेना. शेवटी त्याच कळशीत शुद्ध पाणी भरून ठेवलं आणि ते तपासलं. तीच लाट! मग विहिरीचं पाणी बाटलीतून नेलं. रेघ जागची हलली नाही. विहीर चांगली होती. कल्हईवाल्याने कथलात शिसं मिसळलं होतं.

धावत येऊन बायकोला सगळं सांगितलं. त्या भांड्यांत आता काही शिजवायचं नाही, पाणीही भरायचं नाही, हेही सांगितलं.

तिने विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यातून घटाघटा प्यायलं, पेला ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"आई तिकडं हाय. कल्हईचं तुमीच सांगा. मी जरा पडते."