बारावं स्टूल

फादर अकरा जणांचे पाय धुऊन बाराव्यापाशी आले आणि थांबले. बारावा माझा बाप. उजवा पाय परातीवर धरून बसलेला.

फादरांनी हातातला तांब्या चर्चचं काम पाहणाऱ्या मास्तरांकडे दिला, पंचा खांद्यावर टाकला आणि वेदीकडे वळले. मिस्सा लॅटिनमध्ये पुढे सुरू झाली. बाबांचा पाय तसाच. खाली ठेवावा की चप्पल घालावी, त्यांना कळेना. पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं.

अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये रेल्वेतले साहेब आणि कारकून बाकांवर बसत. आम्ही वस्तीवाले मागे जमिनीवर, अंथरलेल्या दरीवर. पवित्र गुरुवारी बारा पुरुषांचे पाय धुवायचे, प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून. अकरा बाकांवरचे, एक दरीवरचा. तो एक नेहमी शेवटी. अकरा जणांना खुर्च्या, त्याला स्टूल.

बाबांनी त्या स्टुलाची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. सकाळी आईने वजरीने त्यांच्या टाचा घासल्या. चर्चमध्ये धुवायचे पाय आधी घरी धुवावे लागत, नाहीतर साहेब लोक नाक मुरडत. भेगांतली काळी माती निघेना.

"रगत काढतं काय व?" बाबा म्हणाले. पण खूश होते.

मी तेव्हा कापसाच्या जिनात कामाला होते. बायका तान्ही लेकरं सरकीच्या ढिगाआड निजवत. रुई उडून त्यांच्या नाकातोंडात जाई. लेकरांसाठी वेगळं छप्पर द्या, एवढंच मागणं. लाल बावटेवाले आमच्या बाजूने बोलले, म्हणून मी बावटा धरला. गळ्यातला क्रूस गळ्यातच राहिला. मला त्यात भांडण दिसलं नाही.

फादरांना दिसलं. मिस्सा संपल्यावर त्यांनी आम्हाला ओट्यावर बोलावलं. वस्तीही थांबली.

"तुझी मुलगी देव न मानणाऱ्यांच्या झेंड्याखाली उभी राहते," ते बाबांना म्हणाले. "तिने इथे सगळ्यांसमोर सांगावं, झेंडा सोडला. मी आत्ता परात मागवतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एक चप्पल अजून हातातच होती.

"बोलून टाक ना माय. तोंडाचं तं बोलनं हाये."

मी फादरांना म्हणाले, "प्रभूले धरून देनाऱ्या यहुदाचेबी पाय प्रभूनं धुतले. माह्या बाबानं कोनाले धरून देलं?"

"उलट बोलू नकोस."

मला वाटलं, आमच्यातलं कुणीतरी आता बोलेल. सगळ्यांच्या माना खाली. आई पदराचं टोक पिळत उभी.

"झेंडा नाई सोडनार." मी म्हणाले. बाबा वळले आणि चालू लागले.

शेजारच्या मावशीचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. तिने दारातच माझ्याकडून सगळं ऐकलं. म्हणाली, "देव बदलला तुमी, पोरी. दरी तं तेच हाये."

जिनात छप्पर झालं नाही. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलू लागले.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी सकाळीच मास्तर वस्तीत आले. दरीवरचा बारावा हवा होता. त्याआधी मी घरोघर जाऊन, कुणी स्टुलावर बसू नका, असं सांगितलं होतं. या वेळी माना खाली गेल्या नव्हत्या. मास्तर सगळीकडून नकार घेऊन शेवटी आमच्या दारात आले.

"आमच्यातलं कोनी येनार नाई," मी म्हणाले. "आधी दरी उचला, आमालेबी बाकावर बसवा."

मास्तरांनी आवाज उतरवला. "तुझ्या बापाला बसवायला फादर तयार आहेत. झेंड्याचं काही विचारणार नाहीत."

मागे न्हाणीच्या दगडावर बाबा बसले होते. हातात वजरी. एक टाच घासून झालेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे पाहत होते, पण मागत नव्हते. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

"नाई," मी मास्तरांना सांगितलं.

मास्तर गेले. बाबांनी दुसरी टाचही घासली, पाय पुसले, आणि जाऊन दरीवर बसले. त्या संध्याकाळी स्टूल रिकामं होतं. पुढे ते गुरुवार आला की पाय घासत आणि दरीवर जाऊन बसत. त्या स्टुलावर पुन्हा न बसताच वारले.

मी त्यांच्याकडून काय हिसकावलं, हे मला नीट ठाऊक आहे. मी मिस्सेला जाते, बावटाही धरते. दरी अजून आहे. मास्तर उद्या पुन्हा दारात आले, आणि मागे न्हाणीवर बाबा बसलेले असले, तरी मी तेच सांगेन.

आधी दरी उचला.