अप्पांनी बदललेली ओळ

सोलापूरच्या कोर्टाबाहेर निंगप्पा तीस वर्षं प्रतिज्ञापत्रं टाईप करत होता. काळा कोट घालून पक्षकाराची वाट बघणारे, चहालाही महाग झालेले ज्युनियर वकील तो रोज पाहायचा. त्यामुळं लेक सिद्धेश्वरीनं परगावच्या मिशनच्या लॉ कॉलेजचा अर्ज टाईप करायला दिला, तेव्हा 'मला इथंच परत येऊन वकिली करायची आहे' हे तिचं वाक्य त्यानं गुपचूप काढलं आणि 'मला मोठ्या कंपनीच्या कायदा विभागात नोकरी करायची आहे' असं घातलं. बापाचं काळीज ते! पण नको तिथं अक्कल पाजळली.

मुलाखत ऑनलाईन होती. सिद्धेश्वरी मोबाईलसमोर ताठ बसली, निंगप्पा दाराआड उभा राहिला. पलीकडचे फादर वसईचे, मराठीतच बोलले.

"कंपनीत जाणारी मुलं आमच्याकडं पुष्कळ येतात. ही फी माफीची जागा गोरगरिबांसाठी कोर्टात उभं राहणाऱ्यांची आहे. मग तुम्ही अर्ज का केलात?"

सिद्धेश्वरीचं तोंड उतरलं. असं तिनं लिहिलंच नव्हतं. तिनं दाराकडं पाहिलं आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. अर्जातल्या 'मजकूर माझा स्वतःचा आहे' याखाली तिची सही होती. खरं सांगावं तर सही खोटी, गप्प बसावं तर जागा गेली.

"फादर, ती ओळ माझी हाय," म्हणत तो आत आला. "हिला म्हाईतच न्हाय. हितं नव्या वकिलांचे लई हाल बघतोय मी. पोरीनं परत येऊ नये वाटलं."

"आता तुमचं काय म्हणणं?" फादरांनी तिला विचारलं.

"न वाचता सही केली, ही चूक माझी." ती मोबाईलकडं सरळ बघत म्हणाली. "अप्पांनी असं करायला नको होतं. पण त्यांनी बघितलंय ते खरं हाय. वकिलाचेच एवढे हाल, तर पक्षकाराचं काय होत असंल, फादर? मला परतच यायचंय."

"कळवू," म्हणून फोन बंद झाला. पुढं आठ दिवस ती ताट वाढून आत जायची, तो एकटाच जेवायचा.

नवव्या दिवशी पत्र आलं. जागा मिळाली होती, पण अट होती: पदवीनंतर तीन वर्षं आपल्याच जिल्ह्यात गरिबांची वकिली, आणि तसं पालकाचं प्रतिज्ञापत्र. निंगप्पा मशीनवर बसला. एक अक्षर इकडचं तिकडं न करता त्यानं टाईप केलं, कागद लेकीपुढं धरला आणि एखाद्या पक्षकारासारखा म्हणाला, "मी सही करायच्या आदी एकदा वाचून दाव, बाई."