साडूसाठी निवडलेल्या दोन बाटल्या

पेणमध्ये मला फ्रेंच वाइन कळते अशी जी समजूत आहे, तिला मी स्वतः जबाबदार आहे, हे आधी सांगून टाकतो. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या केमिकल कंपनीने एकदा मला नव्या प्लांटच्या ट्रेनिंगसाठी फ्रान्सला पाठवलं होतं. तिथल्या कॅन्टीनमध्ये दुपारच्या जेवणाबरोबर वाइनचा जग ठेवलेला असे. मी ती पाण्यासारखी प्यायचो आणि दुपारभर ट्रेनिंगमध्ये पेंगायचो. माझं वाइनचं शिक्षण ते एवढंच. पण परत आल्यावर एका बारशात कोकम सरबताचा ग्लास हातात आला आणि तो मी नकळत गोल फिरवून नाकाशी नेला. शेजारी माझे साडू बसले होते. त्यांनी ते बघितलं आणि ह्याला म्हणतात फिरून आलेला माणूस, असं पंगतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

ग्लास तिथेच खाली ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. लाल कशाबरोबर, पांढरी कशाबरोबर, डोंगराच्या कोणत्या उतारावरचं द्राक्ष चांगलं, असं विमानातल्या मासिकात वाचलेलं सगळं मी त्या पंगतीत वाढलं. त्या दिवसापासून मी जाणकार.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याला कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की पलीकडच्या अष्टमी गावात त्यांचं हॉटेल होतं. थाळीचं हॉटेल, पण सुरमई अशी की कंपनीतले लोक जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून जात. मीही तिथेच जेवायचो. जागा भाड्याची होती. गेल्या वर्षी मालकाने सांगितलं की दिवाळीनंतर इमारत पाडायची आहे, दुसरीकडे बघा. साडूंचं वय पंचावन्नच्या पुढे, नवीन जागेचं डिपॉझिट आवाक्याबाहेर. नेमकं त्याच वेळी आमच्या कंपनीत फ्रेंच मशिनरी यायचं ठरलं. ती बसवायला येणारे इंजिनिअर वर्षभर गेस्ट हाउसला राहणार, आणि त्या गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघराचा ठेका द्यायचा होता. साडूंनी अर्ज केला. ठेका मिळाला तर हॉटेल बंद पडलं तरी चूल चालू राहणार होती. नाही मिळाला तर दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसायचं, एवढाच पर्याय उरला होता.

एक अडचण होती. कंपनीतल्या कोणाच्या नातेवाइकाला ठेका मिळत नाही. साडूंनी त्यावरचा उपाय मला एका वाक्यात सांगितला.

"तिथं तुम्ही मला वळखत नाय. आपण फक्त सुरमईपुरते."

मी हो म्हटलं. बायकोच्या बहिणीचा नवरा हे नातं तसंही आडनावात दिसत नाही.

पहिला फ्रेंच इंजिनिअर एप्रिलमध्ये यायचा होता, आणि तो आला की त्याच्यासमोर जेवण रांधून दाखवायचं होतं. साडूंना माशांची काळजी नव्हती. पण अॅडमिनच्या मॅनेजरांनी सांगितलं होतं की जेवणाबरोबर फ्रेंच वाइन हवी, एक लाल, एक पांढरी, आणि ठेकेदाराला ती निवडता यायला हवी. साडू त्याच संध्याकाळी पेणला माझ्या घरी आले. साडूभाऊ, मासा माझा, बाटली तुमची, असं म्हणाले. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातून झालं.

पनवेलच्या एका दुकानातून आम्ही सहा बाटल्या आणल्या. आमच्याकडे तेव्हा पापडांचे दिवस होते. माझी बायको पोह्याचे पापड करून विकते आणि त्या दिवसांत तिची थोरली बहीण, साडूंची बायको, मदतीला येते. पडवीत शेजारच्या दोघी-तिघींसह लाटणं चालू होतं. बाटल्यांची पिशवी घेऊन मी आत शिरलो तेव्हा बायकोने मान वर न करता विचारलं, ही आता वाळत कुठे घालणार. आम्ही मागच्या खोलीत गेलो. दार उघडंच ठेवलं, कारण मला प्रेक्षक हवे होते.

दोन वाइनच्या मध्ये तोंड स्वच्छ करायचं असतं, हे मी साडूंना समजावलं. तिकडे त्यासाठी बिनमिठाचा पाव खातात. घरात पाव नव्हता. ताटलीत लाट्या होत्या. पेणबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, लाटी म्हणजे पापडाच्या कच्च्या पिठाचा गोळा; तेलात बुडवून खायचा. हिंग, तिखट, मीठ आणि पापडखार. पापडांच्या दिवसांत आमच्या घरी भाजीवाचून चालतं, पण लाटीवाचून नाही. मी म्हटलं, पाव काय आणि लाटी काय, पिठाचाच प्रकार.

तर असा आमचा कार्यक्रम. एक घोट, एक लाटी, एक घोट, एक लाटी. पहिली पांढरी, लोआर नदीकाठची, त्यातली सर्वांत स्वस्त, तोंडात अशी गेली की जणू शहाळं. तिच्यात कुठेही टोक नव्हतं. महागातली बरगंडीची पांढरी मात्र बेचव, भात वेळलेल्या पाण्यासारखी लागली. लाल वाइनचंही तसंच. सर्वांत तरुण, सर्वांत खडबडीत म्हणून दुकानदाराने जी द्यायला कां-कूं केलं होतं ती बोर्दोची बाटली मला मऊ लागली, आणि जुनी, चांगली म्हणून दिलेली अगदी मिळमिळीत. मी डोळे मिटून बोलत सुटलो. काळी मनुका म्हणालो, ओली माती म्हणालो, चंदनही म्हणालो. साडू प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. त्यांना काही लागत नव्हतं, पण माझ्यावर विश्वास होता.

मेव्हणी दारातून बघत होती. भावजींनी मुलगी बघतानासुद्धा एवढा वेळ घेतला नव्हता, असं ती बायकोला म्हणाली. पडवीभर हशा पिकला. मग तिने आमच्या जिभा बघितल्या आणि हसणं जास्तच वाढलं. दोघांच्या जिभा शाईसारख्या निळ्या झाल्या होत्या. चांगल्या लाल वाइनची हीच खूण, असं मी ठासून सांगितलं.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. आम्ल आणि खार कालवले की आंबट मरतं आणि लाल रंग निळ्याकडे जातो, हे लिटमसच्या कागदावर आठवीत शिकवतात. त्याच कागदाच्या जागी माझी जीभ होती, आरशात मी ती बघितलीही, आणि तरी मला फक्त चंदन आठवत होतं.

लोआरची पांढरी आणि बोर्दोची लाल, अशा दोन्ही मुक्रर झाल्या.

जेवण एका दुपारी होतं. टेबलाशी फ्रेंच इंजिनिअर, अॅडमिनचे मॅनेजर आणि फ्रान्स बघून आलेला म्हणून मी. साडू पांढरा शर्ट घालून वाढत होते आणि मला ठरल्याप्रमाणे साहेब, साहेब करत होते, जरा जास्तच. सुरमई आली, कोलंबी आली, वालाचं बिरडं आलं. फ्रेंच माणूस बोलायचा थांबून खाऊ लागला. मॅनेजरांनी त्याच्याकडे बघून माझ्याकडे समाधानाने बघितलं. ठेका जवळजवळ झाला होता.

मग वाइन. पांढरीचा घोट मॅनेजरांनी घेतला आणि त्यांचा चेहरा बिमलीचं आंबट फळ चावल्यासारखा झाला. फ्रेंच माणसाने घोट घेतला, एक भुवई किंचित वर गेली, आणि तो म्हणाला की फारच ताजी आहे. मी घोट घेतला. मध्ये लाटी नव्हती. दात शिवशिवले, कानशिलापर्यंत. त्या क्षणी मला पापडखार आठवला, निळ्या जिभा आठवल्या, आणि हातातला घास तसाच राहिला. लाल तर त्याहून वाईट. खोलीच्या तापमानाला द्यावी असं बाटलीवर लिहिलं होतं, आणि ती खोली रोह्याची होती, महिना एप्रिल. कोमट, आणि कच्ची सुपारी चघळावी तशी तुरट. जीभ टाळूला चिकटली.

मॅनेजर पुण्याचे. आवाज न चढवता अपमान करण्यात तरबेज. तुम्ही थाळीवाले आहात तर थाळीच करा ना, हे असलं काही आणण्यापूर्वी कुणाला विचारायचं तरी, असं ते साडूंना बराच वेळ म्हणत राहिले. साडू हात मागे बांधून उभे होते. चुकलं साहेब, पुढच्या वेळी तुम्ही सांगाल तीच आणू, एवढंच म्हणत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

आणि मग फ्रेंच माणसानेच विषय संपवला. तो म्हणाला, मासा उत्तम आहे. वाइन मी माझी आणीन, ती काही ह्यांचं काम नाही. मॅनेजर हसले. ठीक आहे, म्हणाले. म्हणजे झालं होतं. मी फक्त पुढचा घास खायचा होता.

पुढे जे झालं त्याबद्दल मी मित्रांना सांगतो की मला साडूंचा अपमान बघवला नाही. ते खरं आहे. पण त्या टेबलावर वाइनबद्दल बोलणं चालू होतं आणि पंधरा मिनिटं मला कोणी काही विचारलं नव्हतं, हेही खरं आहे.

"सर, ह्यांना बोलू नका," मी म्हटलं. "वाइन मी निवडली. साडू आहेत ते माझे."

शब्द तोंडातून गेल्यावर मला तो ऐकू आला. मॅनेजरांनी नॅपकिन घडी करून टेबलावर ठेवला. फ्रेंच माणसाने विचारलं की त्या शब्दाचा अर्थ काय. त्याला वाटलं असावं की हे वाइनबद्दलचं काही आहे. मॅनेजरांनी इंग्रजीत सांगितलं, नातेवाईक, आणि मग सगळ्यांसाठी कोशिंबीर मागवली.

जेवण झाल्यावर मी मागे स्वयंपाकघरात गेलो. साडू परात घासत होते. मदतीला दोन माणसं आणली होती, तरी परात ते स्वतःच घासत होते. मी म्हटलं, मला राहवलं नाही. त्यांनी परात विसळून उपडी घातली. पाण्याचा नळ बंद केला, तेव्हा बोलले.

"मी शिव्या खात होतो ना? खाऊ द्यायच्या होत्या. वर्षभर त्यांच्यावरच पोट भरणार होतं माझं."

ठेका पनवेलच्या एका पार्टीला गेला. दिवाळीनंतर अष्टमीची इमारत पडली. मेव्हणी ह्या वर्षी पापडांना आली नाही. गुडघे दुखतात, असं तिने फोनवर सांगितलं, आणि बायकोने ते खरं मानल्यासारखं केलं. पडवीत आता शेजारच्या दोघी येतात. मागच्या खोलीचं दार बंद असतं.

फ्रेंच माणूस मात्र मला विसरला नाही. टेबलावर उगीच खरं बोलणारा माणूस त्याला आवडला म्हणे. शनिवारी तो मला गेस्ट हाउसला बोलावतो, घरून आणलेली बाटली उघडतो आणि शिकवतो. आधी नुसता वास घ्यायचा. मग थोडी तोंडात घोळवायची. मध्ये पाणी, दुसरं काही नाही. वाटलं तर थुंकायची. आता मला बोर्दो आणि बरगंडी डोळे मिटून वेगळ्या ओळखता येतात. बूच खराब झालेली बाटली मी वासावरून बाजूला करतो. कोणत्या लाल वाइनला अजून काही वर्षं पडू द्यायला हवं, तेही सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. वाढायला पनवेलच्या पार्टीची माणसं असतात. त्यांची सुरमई रबरासारखी असते. शनिवारी कुठे जातो ते मी घरी ओव्हरटाइम म्हणून सांगतो.

साडू आता गडब गावाजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसतात. हॉटेल दुसऱ्याचं. आमची कंपनीची बस कधीकधी तिथे चहाला थांबते. पहिले काही दिवस मी बसमध्येच बसून राहायचो. मग एकदा उतरलो. गर्दी नव्हती. काय देऊ, असं त्यांनी मला इतरांना विचारतात तसंच विचारलं. मी चहा म्हटलं. सगळे बरे आहेत का, विचारलं. व्हय, बरं हाय, म्हणाले. चहा यायचा होता. त्यांनी गल्ल्यातली सुटी नाणी लावून ठेवली आणि मग म्हणाले,

"आमच्या शेठला वाइन ठेवायचीय. अलिबागला जाणारे लोक मागतात. निवडून देणारा कोण जाणकार हाय काय तुमच्या ओळखीत, म्हणून मला विचारत होता."

"मग?"

"नाय म्हटलं. अशी आपली कोणाशी ओळख नाय."

चहा आला. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारलं, तुम्हाला काय देऊ.