मारबतीच्या हातून सोडवलेली बॅट

तांडापेठेत विणकराच्या घरी वाढलेल्या पोराचे कान तिखट असतात. मागाची खटखट जरा बदलली, की कुठे धागा तुटला हे बापाच्या आधी पोराला कळतं. देवराव असाच. नाव आजोबाचं, वय कॉलेजचं, आणि खेळ असा, की गल्लीत कोणाला त्याचं नाव धड घेता येत नव्हतं. बेसबॉल! ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत नागपुरात तो नवाच होता. देवराव संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. मारलेला चेंडू सरळ अंगावर आला, तर वाचवायला फक्त स्वतःचे डोळे आणि कान.

लाकडी बॅट ठक वाजायची, आणि त्या ठकवरून चेंडू कुठे नि किती जोरात निघाला ते देवराव ओळखायचा. मग कॉलेजात ॲल्युमिनियमच्या बॅटा आल्या. हलक्या, चकचकीत, आणि चेंडू असा सुटायचा की पोरं वेडी झाली. पण चांगला फटकाही टण आणि वाईट फटकाही टण. देवराव कुरकुरला, तेव्हा मित्र म्हणाले, जा मग, लुगडी विण.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा नेणारी पुतळी, मिरवत निघाली. दुखणं, ढेकूण, महागाई, जे जे नकोसं ते सारं शहर त्या दिवशी ओरडून तिच्या हवाली करतं. पोरांनी गल्लीतल्या बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीच्या पुतळ्याच्या खांद्याला जुन्या लाकडी बॅटा बांधल्या आणि आरोळी ठोकली, "लाकडी बॅटा घेऊन जा गे मारबत!" लोक पोट धरून हसले. पुतळा पेटवायच्या आधी देवरावनं हळूच एक बॅट सोडवली आणि घरी आणली. जिनं आपल्याला खेळ शिकवला तिला जाळायचं त्याला जिवावर आलं, एवढंच.

त्याची आई रुखमाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. बॅट पाहून तिचा हात थांबला.

"मारबतीले देल्लं घरात परत आणत नसते, बापा. पीडा चिकटून येते."

"लाकूड होय वं माय."

"लाकूड होय म्हणूनच जळाले पाहिजे होतं."

बॅट खुंटीवर राहिली.

काही दिवसांनी सरावात देवरावनं चेंडू फेकला, आणि कानाशी ठक झालं. तो दचकून वाकला. त्यानंतर टण वाजलं आणि चेंडू त्याच्या डोक्याच्या जागेवरून सणसणत गेला. ठक आधी, टण नंतर. मैदानावर तर एकही लाकडी बॅट नव्हती. जवळच्या खेळाडूंना विचारलं, तर कोणी काही ऐकलं नव्हतं. असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. ठक ऐकू आलं की चेंडू पिचरवर येणार, हे ठरलेलं. सुरुवातीला देवरावची बोबडी वळली. पण माणूस भुतालाही सरावतो. खुंटीवरची बॅट आपल्याला जपते, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. बोलला मात्र कोणाजवळ नाही. लहानूजवळही नाही. लहानू त्याचा जिवाचा मित्र, कामठीहून बसनं यायचा, आणि देवराव नसला की तोच चेंडू फेकायचा.

विद्यापीठाच्या संघासाठी निवडीचा सामना होता, त्या सकाळी देवराव घरी बुटाची नाडी बांधत होता. माग बंद होता. खुंटीवरून आवाज आला, ठक. रुखमाबाई खाली मान घालून कांड्या भरतच राहिली. घरातूनच इशारा आला म्हणजे आजचा चेंडू चुकवता येणार नाही, असं देवरावनं धरलं.

मैदानावर जाऊन त्यानं सरांना सांगितलं, खांदा दुखतो. लहानूला आनंद मावेना. त्याला सांगून टाकावं असं देवरावच्या जिभेवर आलं होतं. पण लहानू घाबरून मागे सरला असता, तर सरांनी देवरावलाच उभं केलं असतं. तो गप्प बसला, ते लोक हसतील म्हणून नाही. जीव प्यारा होता म्हणून बसला.

तो बाकावर बसून पाहत होता. लहानूनं चेंडू सोडला, आणि ऐन वेळी, का कोण जाणे, मान वळवून बाकाकडे पाहिलं. टण वाजलं. लहानूचा उजवा डोळा गेला.

देवरावनं खेळ सोडला आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी धरली. लहानूला भेटायचं त्याला धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी मारबतीच्या दिवशी त्यानं बॅट खुंटीवरून काढली, जिची तिला परत करायची म्हणून. तेवढ्यात काळा चष्मा लावलेला लहानू दारात उभा.

"भेटाले नाही आला गा तू," म्हणत तो आत आला. देवरावच्या हातातली बॅट त्यानं सहज घेतली आणि उंबऱ्यावर आपटली. ठक.

लहानूचा चेहरा उतरला.

"देवा, त्या दिवशी बाकावर तू हेच वाजवून राहिला होता का?"

"नाही. काहून?"

"चेंडू सोडला अन् असंच ठक ऐकू आलं. मले वाटलं, देवा काहीतरी सांगून राहिला. म्हणून तुह्याकडे पाह्यलं."

बाहेर मिरवणूक दारापर्यंत आली होती. पोरं घसा फोडून ओरडत होती, "घेऊन जा गे मारबत!" बॅट द्यायची हीच वेळ होती. पण ती लहानूच्या हातात होती, आणि त्याच्याकडे ती परत मागायला देवरावला तोंड नव्हतं.