लेकीच्या गावचं पाणी

बिरप्पा धनगर रोज दिवस कलला की माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. घ्यायचं काही नसायचं, तंबाखूसुद्धा स्वतःचीच. मी करवादायचो, "बिरप्पा, पायरी झिजली रं." तो म्हणायचा, "झिजू द्या की अण्णा, तुमी बी झिजतायसा." असल्या माणसावर रागावून काय उपयोग? तो वारल्यापासून पायरी मोकळी आहे आणि मला संध्याकाळी दुकानात करमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव वळसंगच्या पलीकडे, कोरडं ठाक. इकडे मुलीला स्थळ बघताना जमीन आणि मेंढरं नंतर, आधी गावात पाणी आहे का ते बघतात. आमच्या तळ्यात चैत्रानंतर निम्मा चिखल असायचा. बिरप्पाने एकुलती एक लेक ताना हुणसेहळ्ळीला दिली ती तिथलं तळं बघून. तळं लहान, पण बारमाही. "पोर माजी पान्याच्या गावी पडली," हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की कान किटले होते. जावयाचं कौतुक मात्र विचारल्याशिवाय करायचा नाही.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या तळ्यात ते फूल आलं. शहरातल्या कुठल्याशा बंगल्याच्या हौदातून कुणीतरी आणलं आणि आसरांना वाहिलं. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. तळ्याच्या काठावर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. फूल जांभळं, फिकट, खाली फुगीर देठांची हिरवीगार पानं. मातीत रुतलेलं नाही, नुसतं पाण्यावर बसलेलं. बायका हरखल्या. देवीला मानवलं म्हणून तर लागलं, असं सगळ्यांचं ठरलं. आसरांच्या पाण्यावर वाहिलेलं माणसाने काढायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्यामुळे त्याला कुणी हात लावला नाही आणि ते निवांत वाढलं.

एकटा बिरप्पा खूश नव्हता. "मेंढरं तोंड लावीनात त्येला," म्हणाला. काठाबाहेर सुटून पडलेला एक तुकडा उचलून त्याने मेंढरांना पाणी पाजायच्या डोणीत टाकून बघितला. थोड्या दिवसांत डोण हिरवी झाली. मग तो तळ्याच्या काठी बसायला लागला. बायको केराबाई वैतागायची, "फुलाशी लगीन लावलंय जनू." एका संध्याकाळी पायरीवर बसून त्याने मला सगळं भविष्य सांगितलं.

"आता वारा मावळतीचा हाय अण्णा, म्हनून ते पल्याडच्या काठाला गोळा झालंय. थंडीत वारा फिरंल, मग हितं ईल. हितं मेंढरांची लेंडी पान्यात उतरती, हितं ते पोसनार. पुढच्या पावसात तळं भरलं की सांडव्यावरनं वड्यात. आन वडा कुटं जातो?"

ओढा हुणसेहळ्ळीला जातो, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी मी हसलो. मेंढरं राखणारा माणूस फुलाला भितो, याचं मला हसू आलं.

थंडीत वारा फिरला आणि ते सगळं हिरवं अलीकडच्या काठाला लागलं. माझं हसू तिथंच थांबलं. बिरप्पाचंही सगळंच खरं ठरलं असं नाही. उन्हाळ्यात ते चिखलात जळून जाईल असं तो म्हणायचा, ते जळलं नाही, चिखलातच तग धरून राहिलं.

उपटून का टाकत नाहीस, असं मी विचारलं तेव्हा त्याने कानांना हात लावला. रीत त्यालाही मोडायची नव्हती. "देवीच्या पान्यावरचं काडायचं न्हाय. पर वाट अडवायला कुनाची ना हाय?" सांडव्याखाली, जिथे देवीचं पाणी संपून ओढा सुरू होतो तिथे, त्याने बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पावसाळाभर तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचा. कुंपणाला अडकलेलं काढायचा, काठावर वाळवायचा, जाळायचा. एवढ्यावर भागलं नाही. कातरणीआधी मेंढरं तळ्यात धुतात, तर लोकरीत अडकून तुकडे पुढं जातील म्हणून त्याने धुणं बंद करायला लावलं. मळक्या लोकरीला कोण विचारतो? भावकी त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो डोळ्यात तेल घालून ओढा राखत राहिला.

त्याच वर्षी ताना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. तळ्याचा मधला भाग तेव्हा अजून मोकळा होता. बाळंतीण परत निघाली की धनगरवाड्यात माहेरच्या तळ्याचं पाणी घागरीत भरून देतात, सासरच्या आसरांपुढे ओतायला. तिकडच्या देवींनी लेकीला आपली म्हणावं, म्हणून. घागर मुलीच्या बापाने डोक्यावर न्यायची, वाटेत खाली टेकवायची नाही. तोंडाला लिंबाचा पाला आणि वर फडकं बांधलेलं असतं. ते पुरुषाने सोडायचं नाही, आत बघायचं नाही. बिरप्पाने सगळं रीतीप्रमाणे केलं. पुढे तो, मागे बाळ घेतलेली ताना, असे ते ओढ्याच्या काठाने गेले. मी दुकानातून बघत होतो. म्हातारा नवरदेवासारखा ताठ चालला होता.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला हुणसेहळ्ळीचा एक माणूस मीठ घ्यायला आला आणि सहज बोलून गेला की आमच्याकडेही तुमचं ते फूल आलंय. बिरप्पा पायरीवरच होता. तो तसाच उठला. आधी कुंपण बघितलं, कुठे फट नव्हती. मग हुणसेहळ्ळीला गेला.

दुसऱ्या दिवशी येऊन बसला, तंबाखू मळली आणि तोंडात न टाकताच झटकून टाकली.

"माज्याच डोस्क्यावरनं गेलं, अण्णा," तो शेवटी म्हणाला. "घागरीत व्हतं. तानाच म्हनाली, केरानं पाल्याखाली फूल घातलं व्हतं, मुळासकट. तानानं आसरांम्होरं वतलं. म्या काटं घातलेल्या वड्याच्या कडंकडंनं न्हेलं की वो."

केराबाईने ते वाईटाने केलं नव्हतं. देवीचं फूल देवीकडेच जातंय, ते लेकीच्या पाण्यातही असावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि नवरा कुरकुर करेल म्हणून ती गप्प राहिली होती. घराघरांतून लेकी सासरी जातात आणि त्यांच्याबरोबर फूलही जाऊ शकतं, हे वाऱ्याची नि पाण्याची वाट सांगणाऱ्या बिरप्पाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

"केराबाईला बोललास?"

"न्हाय. तुमी बी बोलायचं न्हाय. तिला सोसायचं न्हाय."

पुढे दोन्ही तळी बुजली. आमच्या तळ्यावर आधी हिरवा गालिचा आणि मग कुजकट वास. मग बायकांनाही कळलं की हे काय आलंय, पण तोवर काढू म्हटलं तरी हात पुरेनात. ताना लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. माहेरी आली तरी आईपुढे ती नेहमी म्हणायची, "लई झाक हाय गं आमचं पानी." बापाने तिला तसं शिकवून ठेवलं होतं. मला ते ऐकवत नसे.

मग केराबाई तापाने पडली. आमच्या पाण्याचा घोट तोंडात गेला की ओकायची. एक दिवस नवऱ्याला म्हणाली, "लेकीच्या तळ्याचं पानी आना की वाईच." बिरप्पा वळसंगच्या विहिरीवर गेला, तिथलं पाणी गाळून तांब्या भरून घेऊन आला. मी साखर घेऊन गेलो होतो, उंबऱ्याशी बसलो होतो. त्याने तिला उठवून बसवलं. ती थांबत थांबत सगळं पाणी प्यायली.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "येक सांगू का? रागवू नगासा. तानाच्या घागरीत म्या ते फूल घातलं व्हतं. आपलं तळं नासलं तवापासनं झोप न्हाय मला. पर तितं न्हाय न्हवं लागलं?"

बिरप्पाने तिच्या हातातला तांब्या घेतला.

"न्हाय. कुटं लागतंय? वाटंतच सुकलं आसंल."

"देवीनं राखलं बगा," म्हणत तिने हात जोडले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पुन्हा ती काही बोलली नाही. पहाटे ताना आली तेव्हा बिरप्पा दारातच उभा होता. त्याने तिला आत जाण्याआधी डोळे पुसायला लावले आणि म्हणाला, "आय गेली, पोरी. पर सुकानं गेली."