कोपऱ्यावरून वळलेली रेघ

“मी नाई काढत. तुमी काढा.” असं म्हणून गुरुजी समोरच्याच्या हातात कोळसा द्यायचे आणि स्वतः पाठीमागे हात बांधून उभे राहायचे. चित्रकार म्हणून सरकारचा पगार घेणारा माणूस चित्रच काढत नाही, याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

साठ सालानंतरची गोष्ट. मोर्शीच्या बाजूच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. गुरुजी आमच्या विकास गटाच्या कचेरीत समाजशिक्षणाच्या कामावर होते. शिक्षक नव्हते, पण सगळे गुरुजीच म्हणत. शाळांच्या भिंतींवर ‘स्वच्छ पाणी प्या’ वगैरे रंगवायचं, एवढंच त्यांचं काम. आमच्या गावात आले तेव्हा म्हणाले, “पाणी कुठून आणता ते पयले काढा. स्वच्छ हाये का घाण, ते मंग पाहू.”

प्रत्येक घरानं आपल्या दारापासून पाण्यापर्यंतची वाट शाळेच्या लांब भिंतीवर स्वतःच्या हातानं काढायची. रंगही आपापले आणायचे: वावरातली काळी माती, सारवणाची पांढरी, गेरू, पळसाची फुलं. वाटेवर झाड असेल तर झाड काढायचं, तोडलेलं असेल तर नुसतं खोड. संध्याकाळी गुरुजी रिकाम्या डब्यावर ठेका धरून त्या झाडांची गाणी रचायचे आणि म्हाताऱ्या त्यांच्या चुका काढायच्या. महिनाभर गाव या उद्योगात, आणि माझी सगळी कामं तशीच पडलेली. तुमच्या कचेरीतही असा एखादा माणूस असेल, म्हणजे मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

सरपंचांची विहीर त्यांच्या अंगणातच. त्यांची वाट बोटभर निघाली. मग त्यांनी शेजारी संत्र्याचं झाड काढलं, देवळाहून मोठं. गुरुजी म्हणाले, “असू द्या. त्याइले तेवढं दिसते.”

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “माझं पाणी शिपाई आणतो.”

“मंग त्याची वाट तुमी काढा.”

मला ती ठाऊकच नव्हती. शिपायाला विचारून विचारून काढली, चारचौघांत.

बौद्ध वस्तीला विहीर नव्हती. नाल्याच्या पलीकडे वाळूत खड्डा खणायचा, झिरपेल तेवढं वाटीवाटीनं भरायचं. वस्तीतल्या एका म्हातारीला सगळे माय म्हणत. तिनं भिंतीच्या एका टोकाला कोळसा टेकवला आणि चालू लागली. रेघ ओढत ओढत सगळ्यांच्या वाटा ओलांडून दुसऱ्या टोकाला पोचली आणि थांबली.

“भीत सरली, गुरुजी.”

“तुमची वाट सरली काय?”

“नाई.”

“मंग वळा.”

माय कोपऱ्यावरून वळली आणि बाजूच्या भिंतीवर पार मागच्या दारापर्यंत गेली. कुणी हसलं नाही. गुरुजींचे डोळे भरून आले होते. ते डबे धुवायला निघून गेले.

पुढं गावाला एक विहीर मंजूर झाली. जिथं गरज जास्त तिथं खणायची, आणि जागा पाहायला मोठे साहेब येणार होते. सरपंचांना ती आपल्या संत्र्याच्या बगीच्याजवळ हवी होती. गुरुजी मात्र निर्धास्त. “भीत पाह्यली का साहेबाले समजते.”

आदल्या दिवशी सरपंच मला म्हणाले, “साहेब येऊन राहिले. शाळा कशी उजळ दिसली पाहिजे. चुना मारून घ्या.” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला चांगलं कळलं होतं. मी चुना मारून घेतला. नोकरी नवी होती, हे कारण झालं. त्यानं माझी सुटका होत नाही. चुना कोपऱ्यापर्यंतच पुरला.

सकाळी गुरुजी सायकलवरून आले. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी शाळेला चक्कर मारली आणि बाजूच्या भिंतीशी थबकले. कोपऱ्यापासून निघालेली एक लांब काळी रेघ. बाकी काही नाही.

“हे काय आहे?”

“साहेब, ज्या बाईनं काढली तेच सांगन. येऊनच राहिली. थोडं थांबा.”

“कुठं गेलीय ती?”

“पाण्याले.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझा जीव नुसता तडफडत होता. अहो, तुम्हाला सगळं माहीत आहे, तुम्हीच सांगून टाका ना! पण नाही. ज्याची वाट त्यानंच सांगायची, हा यांचा हट्ट. साहेबांनी थोडी वाट पाहिली, मग माझ्याकडे वळले. “ग्रामसेवक, काय भानगड आहे?”

आता मी सांगू शकलो असतो. गुरुजीही माझ्याकडेच बघत होते.

“पोरांनी ओढली असेल, साहेब.”

“चला साहेब, बगीच्यात बसू,” सरपंच म्हणाले.

जीप गेली. बऱ्याच वेळानं माय आली. डोक्यावरची घागर न उतरवताच तिनं विचारलं, “गेले काय साहेब?” गुरुजींनी पुढं होऊन घागर उतरवली. माझ्यानं तिथं उभं राहवेना.

विहीर बगीच्याजवळच ठरली. दोन महिन्यांत गुरुजी बदली मागून गेले. पुढं त्यांनी नोकरी सोडली, असं ऐकलं.

काही वर्षांनी अकोल्यात मला ते दिसले. एका कापडाच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर बसले होते. स्वतःच्या हातानं, भराभर. मी हाक मारली. त्यांनी ओळखलं, पण खाली उतरले नाहीत.

“हिरीले पाणी लागलं?” त्यांनी विचारलं.

“लागलं, गुरुजी. गोड आहे.”

“मायले भरू देतात?”

मी म्हणालो, निघतो, माझी गाडी चुकेल. गाडीला अजून तासभर अवकाश होता.